कासवाला थंडीत बाहेर ऊब कशी द्यायची?

प्रश्न: आमचं सल्काटा कासव आता इतकं मोठं झालंय की घरात मावत नाही, म्हणून अंगणात लाकडी खोपटं केलंय, पण रात्री पारा ५-६ अंशांवर जातो आणि सकाळी ते मान आत ओढून नुसतं पडून असतं, खातही नाही. बल्ब टांगला तर चालेल का?

उत्तर: सल्काटा शीतनिद्रा घेत नाही, त्यामुळे झोपलंय समजून अजिबात सोडू नका!! खोपटं रात्रभर २० अंशांच्या वर हवं. बल्बने कवच वरून भाजतं आणि पोट गारच राहतं. छताला रेडिएंट हीट पॅनल (खाली पसरून ऊब देणारी सपाट विजेची पाटी) लावा, थर्मोस्टॅटसकट (तापमान बघून ती आपोआप चालू-बंद करणारं यंत्र), आणि त्याचा सेन्सर कासवाच्या उंचीला, वर नाही, वरची हवा कायम जास्त गरम असते.

उत्तर: +१. भिंतींत थर्माकोल भरा पण आतून प्लायने झाका नाहीतर खाऊन टाकेल, दाराला जाड प्लास्टिकच्या पट्ट्या. ओल मात्र नकोच, गारठा आणि ओल एकत्र आली की न्यूमोनियाची भीती. नाकातून बुडबुडे दिसले तर लगेच व्हेट गाठा.

प्रश्नकर्ता: थँक्यू, पॅनल येईपर्यंत रात्री आतच आणतो त्याला.