मदत हवी आहे: सिंक्लेअरच्या स्टेशनांवरची खरी स्थानिक बातमी वेगळी कशी काढायची?
अमेरिकेत अनेक शहरांतली स्थानिक टीव्ही स्टेशनं चालवणाऱ्या सिंक्लेअर कंपनीत स्मिथ कुटुंबाकडच्या 'ब' वर्गाच्या शेअरला 10 मतं, 'अ' वर्गाला एकच; सूत्रं घरातच राहतात. मार्च 2018 मध्ये डझनावारी अँकरांनी एकच मजकूर शब्दशः वाचला, तो क्लिपा शेजारी लावल्यावर लगेच पकडता आला. एरवी मुख्यालयाचा मजकूर स्थानिक चेहऱ्याच्या तोंडी, स्थानिक लोगोखाली येतो. एकच स्टेशन बघून कळणं अवघड.

दोन-तीन शहरांच्या बुलेटिनांची कॅप्शन्स काढून सलग आठ-दहा शब्द जुळवले, तर वृत्तसंस्थेच्या बातम्याही जुळतात. शिवाय करारावर चालवलेली काही स्टेशनं दुसऱ्याच मालकाच्या नावावर असतात, म्हणून एफसीसीच्या (अमेरिकेतली प्रसारण नियामक संस्था) पब्लिक फाइलमधले, म्हणजे स्टेशनांच्या सर्वांना खुल्या कागदपत्रांमधले, करारही बघावे लागतात.

वृत्तसंस्थेचा मजकूर आधी गाळायची खात्रीची पद्धत कोणी वापरली आहे का?