मार्व्हिन हॅरिसन ज्युनिअर : ८८५ यार्डांवर एवढी रडारड कशाला?

ग्लेंडेलकर

रविवारी आपल्या ॲरिझोना कार्डिनल्सचा (अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधली टीम) २०२४ चा हंगाम संपला. शेवटच्या सामन्यात फोर्टीनायनर्सना ४७-२४ ने धुतलं आणि आपण ८-९ वर (८ विजय, ९ पराभव) थांबलो. आदल्या वर्षी ४-१३ होतो, म्हणजे विजय दुप्पट झाले. तरी फिनिक्समधल्या आपल्या मंडळींच्या ग्रुपवर सकाळपासून एकच विषय चघळला जातोय : आपला पहिल्या वर्षाचा रिसिव्हर (चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅककडून झेल घेणारा) मार्व्हिन हॅरिसन ज्युनिअर वाया गेला.

वाया म्हणजे काय हो? १७ सामने, ६२ झेल, त्या झेलांतून ८८५ यार्ड, ८ टचडाऊन (गोल-रेषेपार नेलेले चेंडू). वय २२. मध्येच पॅकर्सविरुद्ध डोक्याला मार लागून बाहेर गेला, तरी पुढच्या सामन्याला हजर.

आता दोन जुने आकडे बघा. त्याचे वडील, हॉल ऑफ फेमवाले मार्व्हिन हॅरिसन, १९९६ मध्ये कोल्ट्सकडून पहिल्या वर्षी : ६४ झेल, ८३६ यार्ड, ८ टचडाऊन. आणि आपला लॅरी फिट्झजेराल्ड, २००४ मध्ये याच कार्डिनल्सकडून पहिल्या वर्षी : ५८ झेल, ७८० यार्ड, ८ टचडाऊन. ज्या दोघांची नावं घेऊन आपण पोराला झोडपतोय, त्या दोघांपेक्षाही त्याचे यार्ड जास्त आहेत!

बिघडलंय ते आपल्या डोक्यात. २०२० मध्ये जस्टिन जेफरसनने पहिल्याच वर्षी १,४०० यार्ड केले, २०२१ मध्ये जमार चेसने १,४५५, आणि २०२३ मध्ये ड्राफ्टमध्ये (कॉलेजातल्या नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) १७७व्या क्रमांकावर निवडलेल्या पुका नाकुआने १,४८६ करून रुकीचा (पहिल्या वर्षाच्या खेळाडूचा) विक्रमच मोडला. तेव्हापासून हजाराच्या आत राहिलेला प्रत्येक रुकी आपल्याला नापास वाटायला लागला. अपवाद उचलून त्यांचीच मोजपट्टी केली आपण.

चौथा_डाऊन

मांडणी छान, पण सोयीची. ड्राफ्टचा क्रमांक कुठे गेला? वडील १९वे होते. हा चौथा. पहिले तिघे क्वार्टरबॅक, म्हणजे क्वार्टरबॅक सोडून देशात सगळ्यात आधी निवडलेला खेळाडू हा. चार वर्षांचे साधारण साडेतीन कोटी डॉलर, पूर्ण हमीचे. ती किंमत ८८५ यार्डांची नाही.

आणि १९९६ शी तुलना करण्यापेक्षा त्याच्याच वर्गातल्या पोरांशी करा की. मलिक नेबर्स, सहावा : १०९ झेल, १,२०४ यार्ड, तेही १५ सामन्यांत. ब्रायन थॉमस ज्युनिअर, २३वा : १,२८२ यार्ड, १० टचडाऊन. लॅड मकॉन्की, दुसऱ्या फेरीत ३४वा : १,१४९ यार्ड. तिघंही याच्या मागून निवडले गेले आणि तिघंही पुढे निघून गेले. नाकुआ अपवाद असेल, एकाच वर्षातले तीन-तीन अपवाद कसे?

जर्सीची_माई

एप्रिलमध्ये आमच्याकडे न्यूयॉर्क जायंट्सवाले (नेबर्सची टीम) छाती बडवत होते, हॅरिसन हातचा गेला म्हणून. नेबर्स म्हणजे उरलंसुरलं समजून घेतला. आता कोणी अदलाबदल करा म्हटलं तर मारायला धावतील. 😄

बाकी आमची टीम ३-१४. त्यामुळे रुकीचे आकडे कुरवाळण्यापलीकडे आमच्या हातात काही नाही हेही खरंच.

ग्लेंडेलकर

माई, तुमच्या शेवटच्या ओळीतच उत्तर आहे. नेबर्सकडे १७० वेळा चेंडू फेकला गेला. हॅरिसनकडे ११६ वेळा. सामन्यामागे धरलं तर ११ विरुद्ध ७. तुमच्याकडे दुसरं कोणी नव्हतंच! दर फेकीमागे यार्ड काढा : नेबर्सचे ७.१, हॅरिसनचे ७.६. मग कोण सरस?

आमच्याकडे टाइट एंड (रेषेजवळ उभा राहून अडवणारा आणि झेलही घेणारा) ट्रे मकब्राइडने एकट्याने १११ झेल घेतले, जेम्स कॉनर हजारावर यार्ड धावला. ताटात तेवढंच वाढलं जात असेल तर भूक कमी म्हणून पोराला बोल लावू नका.

चौथा_डाऊन

अर्धाच हिशोब केलात. त्याच पद्धतीने थॉमसचे काढा : १३३ फेकी, १,२८२ यार्ड, म्हणजे फेकीमागे ९.६. त्यातले बरेच सामने ट्रेव्हर लॉरेन्स जखमी असताना मॅक जोन्सकडून. तुमच्याकडे कायलर मरे वर्षभर धडधाकट होता.

शिवाय ११६ पैकी ६२. निम्म्याच्या जरा वर. नेबर्सला क्वार्टरबॅकांची रांग बदलत गेली तरी तो ६४ टक्क्यांवर आहे. चेंडू येतच नव्हता ही तक्रार मान्य केली, तरी आलेल्या चेंडूंचं काय झालं?

फँटसी_फकीर

मी त्याला फँटसीत (खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर चालणाऱ्या काल्पनिक टीमच्या खेळात) दुसऱ्या फेरीत घेतला. पहिल्या रविवारी बिल्सविरुद्ध १ झेल, ४ यार्ड. चार. मी त्याला बाकावर बसवला. दुसऱ्या रविवारी रॅम्सविरुद्ध ४ झेल, १३० यार्ड, २ टचडाऊन, आणि हे सगळं पहिल्या क्वार्टरमध्येच. माझ्या बाकावर बसून. अपेक्षांबद्दल मला विचारा.

ग्लेंडेलकर

फकीरबाबा, खरी गोम तिथेच आहे. रॅम्सच्या त्या सामन्याने (४१-१० जिंकलो) घात केला. त्या पंधरा मिनिटांनंतर लोकांनी त्याला थेट हॉल ऑफ फेममध्ये बसवलं. पुढच्या प्रत्येक ५० यार्डांच्या दिवसाला मग ‘काय झालं याला?’ सुरू.

तात्या_स्लँट

आकड्यांची कुस्ती चालू द्या, मी जरा मैदानाकडे वळतो. कारण ६२/११६ चा अर्थ दोघंही आपापल्या सोयीने लावताय.

हॅरिसनला वर्षभर बहुतेक वेळ बाहेरच्या टोकाला ‘एक्स’ म्हणून उभा केला. एक्स स्क्रिमेजच्या रेषेवरच (जिथून डाव सुरू होतो) असतो, त्यामुळे स्नॅपआधी (चेंडू मागे देऊन डाव सुरू होण्याआधी) त्याला सहसा इकडून तिकडे धावत नेता येत नाही. समोर त्याला रोखणारा कॉर्नरबॅक हातभर अंतरावर. स्नॅप झाला की पहिला पंजा छातीवर बसतो, आणि पाच यार्डांपर्यंत तो कायदेशीर आहे. तिथे अर्धा सेकंद अडकलात की क्वार्टरबॅकने मनात मोजलेला ताल चुकतो आणि चेंडू तुम्ही पोचायच्या आधी तिथे पोचतो. पडद्यावर आपल्याला दिसतं ‘इनकम्प्लीट’. दोष कोणाचा, ते टीव्हीच्या कॅमेऱ्यात दिसत नाही.

मकॉन्की आणि नेबर्स यांना कसं वापरलं ते बघा. मकॉन्की बराचसा स्लॉटमध्ये (टोकापासून आतल्या जागेत), रेषेपासून मागे सरकून, त्यामुळे पंजा बसायच्या आत तो सुटलेला. नेबर्सला आत, बाहेर, मोशनमध्ये (स्नॅपआधी बाजूला सरकत), जिथून चेंडू देता येईल तिथून दिला. आमचे २०२४ चे आक्रमणाचे कोऑर्डिनेटर ड्रू पेट्झिंग यांचा जीव दोन-तीन टाइट एंडांच्या रचनेत. धावण्याच्या खेळाला ती झकास, पण बाहेरच्या रिसिव्हरच्या वाट्याला मग एकच काम उरतं : बाजूच्या रेषेलगत सरळ पळ, नाहीतर १५ यार्डांवर थांबून वळ. दोन्ही कमी टक्केवारीचे रूट (पळायच्या ठरलेल्या वाटा). हाच पोरगा तिरक्या स्लँटवर किंवा मधून आडवा धावत चेंडू घ्यायला दिला तर ५३ टक्क्यांचे ६३ व्हायला वेळ लागणार नाही.

माझं मत : अपेक्षा चूक नव्हती, ती पोराकडून होती हे चूक. प्रशिक्षकांकडून ठेवायला हवी होती.

बकआय_भाऊ

कोलंबसमध्ये राहतो, ओहायो स्टेटचे सामने स्टेडियमात बसून पाहतो, म्हणून थोडं बोलतो. २०२२ आणि २०२३, दोन्ही वर्षं या पोराने बाराशेच्या वर यार्ड आणि १४-१४ टचडाऊन केले. २०२३ ला सर्वोत्तम रिसिव्हरचं बिलेटनिकॉफ बक्षीस मिळालं. तेव्हा त्याच्याही छातीवर पंजे पडायचेच की! तात्या म्हणतात तसा तो बाहेरच उभा असायचा आणि तिथूनच सगळ्यांना सोलायचा. त्यामुळे ‘बाहेर उभा केला म्हणून’ हे मला पटत नाही.

फरक दुसरा आहे. कॉलेजच्या मैदानावर दोन हॅशमधलं (ज्यांच्या आत चेंडू ठेवतात त्या खुणांच्या ओळींमधलं) अंतर ४० फूट, एनएफएलमध्ये साडेअठरा. कॉलेजात चेंडू एका हॅशवर असला की मैदानाची एक बाजू मोकळं रान होते, तिथे रिसिव्हरला दोन्हीकडे वळायला वाव. एनएफएलमध्ये चेंडू कायम मधल्या पट्ट्यात, दोन्ही बाजू सारख्याच आवळलेल्या. त्यात कडेला झेल घेताना कॉलेजात एक पाय आत असला तरी चालतो, इथे दोन लागतात. पायांचं काम त्याला येतं, ते त्याने वडिलांकडूनच उचललंय. पण जागेचा अंदाज नव्याने बसवावा लागतो आणि तो सरावानेच बसतो.

आणि एक सांगतो, रागावू नका. त्याने कम्बाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या चाचण्यांत) धावायला नकार दिला, कॉलेजातल्या प्रो-डेलाही नाही. क्रीडा-वस्तू विकणाऱ्या फॅनॅटिक्सशी सह्यांच्या करारावरून कोर्टकज्जा झाला, जर्सी कित्येक महिने दुकानात आली नाही. मैदानाशी याचा काडीचा संबंध नाही, मान्य. पण ‘मला सिद्ध करायची गरज नाही’ असा पवित्रा घेऊन आलात की लोक पहिल्या ड्रॉपपासूनच (हातून सुटलेल्या झेलापासूनच) हिशोब मागतात.

तात्या_स्लँट

भाऊ, कॉलेजातल्या कॉर्नरबॅकांपैकी एनएफएलपर्यंत पोचणारे किती? आठवड्याला एखादा. इथे दर रविवारी समोर तसलेच दोघं-तिघं. सोलायचा ते बरोबर आहे हो, पण कोणाला सोलायचा तेही बघा. हॅशचा मुद्दा मात्र नेमका मांडलात.

शनिवारपेठी

मी पुण्यातून रात्री जागून बघतो. कार्डिनल्सचे बरेच सामने आपल्याकडे रात्री दीड ते तीनच्या दरम्यान सुरू होतात, त्यामुळे माझी अपेक्षा एवढीच की जागं राहण्यासारखं काहीतरी घडावं.

मला यात रोहन गावसकर दिसतो. बिचारा ११ वनडे खेळला, पण प्रत्येक डावात लोक त्याच्या मागे सुनीलला शोधत होते. ज्युनिअर हे बिरुद आडनावाला चिकटलं की ‘खाण तशी माती’ म्हणत लोक तराजू घेऊनच बसतात.

चौथा_डाऊन

नाही पटलं, पेठकर. रोहनला कोणी देशातला सर्वोत्तम फलंदाज म्हणून चौथ्या क्रमांकावर उचललं नव्हतं. हॅरिसनवरचं ओझं आडनावाचं कमी आणि त्याच्या स्वतःच्या कॉलेजातल्या कामगिरीचं जास्त आहे. त्याच्या नावात ‘ज्युनिअर’ नसतं तरी तो चौथाच गेला असता.

आणि वडिलांचा दाखला ग्लेंडेलकरांनी दिलाच आहे तर पुरा सांगा. वडिलांनी हजारचा टप्पा गाठला १९९९ मध्ये. चौथ्या वर्षी! पेटन मॅनिंगचं तेव्हा दुसरं वर्ष होतं. आजच्या कराराच्या गणितात चौथ्या वर्षापर्यंत थांबायला कोणाला परवडतं? तोवर त्या स्वस्त कराराचा फायदाच संपलेला असतो. पहिल्या फेरीचा खेळाडू आज घेतात तो आज खेळायला.

ग्लेंडेलकर

साडेतीन कोटी डॉलर मगाशी डोळ्यांत खुपत होते, आता त्याच कराराला स्वस्त म्हणताय? ठरवा एकदा.

चौथ्या वर्षाची गरज नाही. फिट्झजेराल्डचं बघा. पहिल्या वर्षी ७८०, दुसऱ्या वर्षी १०३ झेल आणि १,४०९ यार्ड. ओहायो स्टेटचाच जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बा : २०२३ ला सीहॉक्सकडून ६२८ यार्ड, सगळे ‘बस्ट’ (फुसका निघाला) म्हणून मोकळे झाले होते. यंदा १०० झेल, १,१३० यार्ड. डावान्टे ॲडम्सने तर पहिली दोन वर्षं मिळून हजार यार्डही केले नव्हते, पुढे काय झालं ते ग्रीन बेवाल्यांना विचारा.

चौथा_डाऊन

तुमचा फिट्झजेराल्ड, तर माझा अँक्वान बोल्डिन. हेच कार्डिनल्स, २००३, दुसऱ्या फेरीत ५४वा. पहिल्याच सामन्यात लायन्सविरुद्ध १० झेल, २१७ यार्ड. वर्षअखेर १०१ झेल, १,३७७ यार्ड, आणि टीम ४-१२. त्याला कोणी ताटात वाढून दिलं नव्हतं. उशिरा उमललेल्यांची यादी तुम्ही काढा, पहिल्या दिवशी उमललेल्यांची मी काढतो. उमललेच नाहीत त्यांची यादी दोघांच्या याद्यांपेक्षा लांब आहे, तिच्याकडे मात्र तुम्ही बघतच नाही.

जर्सीची_माई

हे वाक्य चांगलं होतं, चौथे डाऊन. दुष्ट, पण चांगलं.

फँटसी_फकीर

मुद्द्याचं बोला. पुढच्या वर्षी कितव्या फेरीत घ्यायचा?

बकआय_भाऊ

चौथीत मिळाला तर डोळे मिटून घे. १,१०० यार्ड करेल. टचडाऊन आठाहून कमी होणार नाहीत, गोललाइनजवळ सहा फूट तीन इंचांचा माणूस कोणाला नको असतो?

चौथा_डाऊन

माझा आकडा ९५०. आणि तेवढ्यावर मी ‘सुधारला’ म्हणणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

तात्या_स्लँट

यार्डांवर पैज लावू नका. सप्टेंबरमधले पहिले तीन सामने बघा आणि मोजा, तो किती स्नॅपना स्लॉटमध्ये उभा आहे. चारातल्या एकाला जरी आत आणला तरी पेट्झिंगना कळलं असं समजा. नाही आणला, तर मकब्राइड पुन्हा ११० झेल घेईल आणि आपण सगळे पुढच्या जानेवारीत इथेच भांडत बसू.

ग्लेंडेलकर

तात्यांचं मोजमाप मला चालेल. चौथे डाऊन, एप्रिलमध्ये आपला १६वा क्रमांक आहे. तुमचं म्हणणं काय, आणखी एक रिसिव्हर घ्यायचा?

चौथा_डाऊन

छे. बचावफळीतला कोणीतरी दांडगा आणा. रिसिव्हर घेतला तर त्या पोराचीही रडारड ऐकावी लागेल, तीही तुमच्याकडून.