बर्फातल्या कुत्र्यांचं पुस्तक सुचवा. अट एकच, शेवटी कुत्रा जगला पाहिजे

मोतीचं_घर:
नमस्कार मंडळी. मुलगा बारा वर्षांचा, सातवीत, सेमी-इंग्रजी. आमचा मोती मार्चमध्ये गेला. तेरा वर्षांचा होता, म्हणजे मुलाने मोतीशिवायचं घर कधी पाहिलंच नव्हतं. तेव्हापासून पोरगा पुस्तकाला हात लावत नाही. परवा शाळेत त्याला अलास्कातल्या १९२५ सालच्या त्या धावपळीबद्दल कळलं. नोम गावात घटसर्पाची साथ आली आणि नेनानाहून कुत्र्यांच्या गाड्यांनी टप्प्याटप्प्याने औषध पोचवलं, ते. घरी येऊन पहिल्यांदाच म्हणाला, "असलं पुस्तक आण."
बजेट ३०० रुपये. मराठी किंवा सोपं इंग्रजी चालेल. जॅक लंडनचं नाव ऐकून आहे, वाचलेलं नाही. शेवटी कुत्रा जिवंत हवा, एवढं बघा.

जुनापुराणा:
डोळे मिटून जॅक लंडनचं 'द कॉल ऑफ द वाइल्ड' घ्या. १९०३ सालचं आहे, जेमतेम सात प्रकरणं. माझ्याकडे चित्रांची कापडी बांधणीची आवृत्ती आहे, १४५० ला घेतली, पैसा वसूल. बक हा सेंट बर्नार्ड बाप आणि स्कॉच शेफर्ड आईचा, १४० पौंडांचा, म्हणजे ६३ किलोचा गडी. कॅलिफोर्नियात न्यायाधीशाच्या बंगल्यात सुखात असतो. माळ्याचा मदतनीस पैशासाठी त्याला विकतो आणि तो थेट कॅनडातल्या क्लोंडाइकच्या सोन्याच्या धामधुमीत जाऊन पडतो. बक मरत नाही. तुमची अट पूर्ण.

निलांबरी:
बक मरत नाही, पण बाकीच्यांचं काय? कर्ली नावाची गरीब कुत्री मैत्री करायला पुढे जाते आणि हस्की कुत्र्यांचा घोळका तिला फाडतो. तेही दुसऱ्याच प्रकरणात. माझ्या लेकीने तिथे पुस्तक मिटलं, ते महिनाभर उघडलं नाही. पुढे डेव्ह, गाडी ओढणारा कुत्रा. आजारी असूनही गाडीला जुंपून घ्यायचा हट्ट धरतो, शेवटी त्याला गोळी घालावी लागते. ज्या घरातून आत्ताच कुत्रा गेलाय तिथे हे नको हो. 'व्हाइट फँग' द्या. लंडनचंच, १९०६ चं. तिथे सगळं उलट आहे, रानातला लांडगा-कुत्रा माणसात येतो आणि शेवट उन्हात, पिल्लांसोबत होतो.

रानवाटा:
'कॉल'ला अनुमोदन. बकसारखा कुत्रा साहित्यात दुसरा नाही.

तर्कतीर्थ:
'व्हाइट फँग'ची सुरुवात विसरलात का? दोन माणसं शवपेटी घेऊन चाललीत, मागे लांडग्यांचा कळप, आणि रोज रात्री एकेक कुत्रा कमी. ते वाचून मी चाळिशीत दिवा लावून झोपलो होतो. आणि मधे ब्यूटी स्मिथ नावाचा माणूस पैजेसाठी कुत्र्यांच्या झुंजी लावतो ते वेगळंच.
'कॉल'मध्ये एकटा बक हजार पौंडांची गाडी ओढतो ते मला कधी पटलेलं नाही. साडेचारशे किलो! एक कुत्रा!

एडमंटनकर:
तर्कतीर्थ, ते नीट वाचा. गाडी उचलायची नसते, ओढायची असते. खरा अडसर म्हणजे गाडीच्या चाकांऐवजी असलेल्या पट्ट्या बर्फात गोठून चिकटलेल्या असतात. बकचा मालक थॉर्नटन आधी बकला उजवीकडे हिसका द्यायला लावतो, मग डावीकडे. पट्ट्या सुटल्या की मगच सरळ ओढ. जमलेला बर्फ आधी मोडायचा, हे इथे कॅनडात गाडी अडकली की आम्हीही करतो.
मी उणे तीसमध्ये कुत्र्यांच्या गाडीत बसलोय. निघायच्या आधी कुत्री इतकी केकाटतात की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. ब्रेक सुटला की एकदम शांत. नुसता पट्ट्यांचा सरसर आवाज. त्या शांततेसाठी पुन्हा जाईन.
ताई, मुलाला 'कॉल'मधला मोज्यांचा प्रसंग वाचून दाखवा. बकचे पंजे मऊ, बर्फाने सोलवटतात, म्हणून गाडी हाकणारा फ्रान्स्वा स्वतःच्या बुटांचं कातडं कापून त्याला चार मोजे शिवतो. एक दिवस तो घालायला विसरतो तर बक पाठीवर लोळून चारही पाय हवेत हलवत राहतो.

कुंभारवाडा:
ऑनलाइन घेणार असाल तर सांभाळून. मी 'संपूर्ण आवृत्ती' म्हणून मागवलं आणि आलं ते साठ पानांचं, मोठ्या अक्षरातलं, मधले प्रसंगच गायब. परत घ्यायलाही तयार नव्हते. पुस्तकाच्या दुकानात जाऊन आतली पानं चाळून घ्या.

रानवाटा:
मीही तेच म्हणतो, संक्षिप्त घेऊ नका. आणि 'कॉल'च घ्या.

ध्रुवतारा:
खऱ्या गोष्टी द्या मुलाला, कल्पित कशाला? नॉर्वेचा अमुंडसेन १४ डिसेंबर १९११ ला दक्षिण ध्रुवावर पोचला तो कुत्र्यांच्या जोरावर.

निलांबरी:
निघताना ५२ कुत्री होती, परत आली ११. बरीचशी मारून उरलेल्यांना आणि माणसांना खाऊ घातली. हे द्यायचं का त्या पोराला? धाग्याची अट वाचा आधी.

तर्कतीर्थ:
लंडनचं सर्वांत चोख लिखाण हवं असेल तर 'टू बिल्ड अ फायर' ही कथा. पण मुलासाठी नको, त्यात माणूस थंडीने मरतो.

जुनापुराणा:
मरत नाही. आम्हाला शाळेत होती ती. हातांवर कायमचे व्रण राहतात, पण मुक्कामावर पोचतो.

तर्कतीर्थ:
मरतो. मी दहादा वाचलीय.

वाचनालयवाली:
दोघंही बरोबर आहात. लंडनने ती दोनदा लिहिली. १९०२ ची मुलांच्या मासिकासाठी होती, त्यात माणूस वाचतो, पण त्यात कुत्राच नाही. १९०८ ची मोठ्यांसाठी, त्यात माणूस जातो. लंडन १८९७ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, स्वतः चिलकूट खिंड चढून क्लोंडाइकला गेला होता. सोनं हाती फारसं लागलं नाही, स्कर्व्ही मात्र झाला, हिरड्या सुजल्या, आणि पुढच्या वर्षी परतला. थंडीचं वर्णन त्याला कोणाकडून उसनं घ्यावं लागलं नाही.
आणि बजेटचं कोणीच बोलत नाहीये. लंडन १९१६ मध्ये वारला. ही सगळी पुस्तकं प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर फुकट, अधिकृत, संपूर्ण आहेत. फोनवर उतरवा.

मोतीचं_घर:
सगळ्यांचे आभार. एक विचारू? त्या १९०८ च्या कथेत कुत्र्याचं काय होतं?

वाचनालयवाली:
कुत्रा जगतो. पण ताई, ती कथा नको. माणूस त्याला मारून त्याच्या गरम पोटात हात घालायचा विचार करतो. बोटं गोठलेली, सुरी धरता येत नाही, म्हणून कुत्रा सुटतो.

निलांबरी:
अजिबात नको. 'व्हाइट फँग' द्या.

रानवाटा:
'कॉल'.

मोतीचं_घर:
उशिरा लिहितेय. फोनवर उतरवून आधी मी एकटीने तिन्ही चाळली. मग तीच कथा घेतली, १९०८ ची. सगळ्यांनी नको म्हटलं होतं, माफ करा. पुस्तकात आणखी कुत्री मेलेली त्याला आत्ता सोसणार नाहीत, पण एक माणूस चुकतो आणि कुत्रा वाचतो हे सोसेल, असं वाटलं. दोन रात्री मोठ्याने वाचली, इंग्रजी वाचत मराठीत सांगत. सुरीचा भाग गाळला नाही.
कथेतली थंडी उणे ७५ फॅरनहाइट म्हणजे उणे ५९ सेल्सिअस हे त्याने स्वतः गणित करून काढलं. कुत्रा ओल्या पायाच्या बोटांतला बर्फ दातांनी काढतो तिथे त्याने मला थांबवून तो भाग परत वाचायला लावला. मोती पावसाळ्यात चिखल असाच काढायचा. एवढ्या थंडीत निघू नये हे कुत्र्याला आधीच कळलेलं असतं आणि माणसाला नाही, त्यावर म्हणाला, "आई, मोतीलाही वीज जायच्या आधी कळायचं." मार्चनंतर त्याने मोतीचं नाव घेतलं ते पहिल्यांदा.
माणूस मेल्यावर कुत्रा चांदण्यात रडतो आणि मग मुक्कामाच्या दिशेने निघतो, जिथे शेकोटी आणि खायला देणारी दुसरी माणसं आहेत. तिथे कथा संपते. झोपताना विचारत होता, तिकडे त्याला काय खायला दिलं असेल.

एडमंटनकर:
वाळवलेला सामन मासा. 'कॉल'मध्ये बाकीच्यांना दिवसाला एक पौंड, बकला मोठा म्हणून दीड. सांगा त्याला.