खुराड्यात दांडीखाली साचणाऱ्या विष्ठेचा बंदोबस्त कसा करावा?

प्रश्न (औसा तालुका)
नमस्कार. आमच्या परसात सहा बाय चार फुटांचे खुराडे असून त्यात चौदा गावरान कोंबड्या आहेत. रात्री त्या बांबूच्या दोन दांड्यांवर बसतात आणि सकाळी खालची जमीन ओल्या विष्ठेने भरलेली असते. तळाला काळी मातीच असल्यामुळे पाऊस सुरू झाल्यापासून तिथे पाय रुततो. आठवड्यातून एकदा मी फावड्याने सगळे ओढून काढतो. वास कमी व्हावा म्हणून परवा त्यावर विरलेला चुना आणि चुलीतली राख पसरली, परंतु दुसऱ्या दिवशी दार उघडताच डोळ्यांतून पाणी आले. दोन कोंबड्या तर डोळे मिटूनच बसतात. खुराडे घराच्या मागच्या भिंतीला लागून आहे आणि आई त्याच बाजूच्या खोलीत झोपते, म्हणून काळजी वाटते. चुन्याचे प्रमाण चुकले का?

उत्तर (अंबाजोगाई)
दादा, प्रमाण कितीही ठेवले असते तरी हेच झाले असते. विष्ठेवर जो पांढरा थर दिसतो तो युरिक आम्लाचा असतो. त्याला ओल मिळाली की जिवाणू त्यापासून अमोनिया तयार करतात, आणि चुना व राख दोन्ही अल्कधर्मी असल्यामुळे ओल्या विष्ठेत मिसळताच तो अमोनिया वायुरूपाने झपाट्याने बाहेर पडतो. चुना टाकायचाच असेल, तर जागा खरवडून कोरडी केल्यावर आणि कोंबड्या बाहेर असताना टाकावा.

मोठी कोंबडी दिवसाला साधारण शंभर ग्रॅम ओली विष्ठा टाकते व त्यातली जवळपास निम्मी रात्री बसल्या जागी पडते, म्हणजे तुमच्याकडे रोज पाऊण किलोच्या आसपास विष्ठा दांडीखालच्या पट्ट्यातच जमा होते. ती जमिनीवर पडूच देऊ नये. मी दांडीखाली वीतभर अंतरावर सपाट पत्रा बसवला आहे, त्यावर बोटभर कोरडी वाळू असते आणि मोडक्या कोळप्याची पास (लोखंडी पाते) लाकडाला ठोकून तिने रोज सकाळी विष्ठा घमेल्यात ओढतो. पाच मिनिटांचे काम आहे. दोन्ही दांड्या एकाच उंचीवर ठेवाव्यात, नाहीतर वरच्या दांडीसाठी भांडणे होतात आणि खालच्यांच्या अंगावर घाण पडते.

उत्तर (जिंतूर)
वरील सल्ला योग्य आहे. माझ्या अनुभवातून थोडी भर घालते. आठवड्याने सफाई करणे पावसाळ्यात पुरत नाही, कारण उबदार हवेत माशीच्या अंड्यापासून नवी माशी सात ते दहा दिवसांत तयार होते आणि सफाईत राहून गेलेल्या अळ्यांना तेवढा वेळ सहज मिळतो. काळ्या मातीवर मुरूम टाकून तळ वीतभर उंच करून घ्या आणि त्यावर सोयाबीनचे कोरडे भुसकट पसरा. भुसकट मुठीत दाबल्यावर गोळा राहिला, तर ते बदलायला झाले असे समजावे. ओले भुसकट बुरशी धरते. पावसाच्या भीतीने गोणपाट लावून चारही बाजू बंद करू नका. दांडीच्या वरच्या अंगाला जाळी उघडी राहिली पाहिजे.

काढलेली विष्ठा ताजी असताना वांग्याच्या किंवा मिरचीच्या मुळाशी घालू नये, रोपे करपतात. कडब्याचे तुकडे व पालापाचोळा यांच्या थरांत ती तीन-चार महिने कुजवावी आणि ढीग पावसात झाकून ठेवावा. डोळे मिटणाऱ्या कोंबड्या पशुवैद्यकांना दाखवाच, कारण अमोनियाशिवाय इतर रोगांतही डोळे बिघडतात.

प्रश्नकर्ता (औसा)
दोघांचे मनापासून आभार. चुन्यासकट सगळे खरवडून काढले, मुरूम टाकला आणि पत्रा बसवून आठ दिवस झाले. दोन्ही कोंबड्यांवर उपचार सुरू आहेत. दार उघडल्यावर आता डोळे झोंबत नाहीत आणि आईनेही काल मागची खिडकी उघडली. मात्र आज पत्र्यावर दोन ठिकाणी काकवीसारखी तपकिरी, चिकट आणि फार उग्र वासाची विष्ठा दिसली. ही हगवण तर नाही?

उत्तर (जिंतूर)
नाही. आतड्याच्या शेवटी दोन बंद पिशव्या असतात, त्या रिकाम्या होताना अशी विष्ठा पडते आणि निरोगी कोंबडीतही ती रोज अधूनमधून दिसते. लाल रक्त दिसले, तर मात्र ती रक्ती हगवण असू शकते. त्या दिवशी पत्रा खरवडण्याआधी नमुना डबीत घेऊन दवाखान्यात जावे.