मिसरमधून (इजिप्तमधून) सहा लाख पुरुष निघाले, हा हिशेब बसतो का?

चिंचपोकळी_फास्ट
आमच्या मजल्यावर एक बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, आजी राहतात. मुलं इस्राएलात अश्दोदला, त्या भायखळा सोडायला तयार नाहीत. वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरमधून सुटल्याच्या सणाच्या, रात्री दरवर्षी मला हाक मारतात, कारण टेबलाशी चार डोकी तरी हवीत. बेखमीर भाकरी, खजुराचा पाक, मिठाचं पाणी, आणि मिसरमधून सुटल्याची गोष्ट मराठीतून.

यंदा घोळ झाला. मी रेल्वेत, गर्दीचे आकडे दिसले की डोकं आपोआप चालायला लागतं. बायबलातलं निर्गम 12:37 म्हणतं, पायी चालणारे पुरुष सहा लाख. बायकापोरं धरून वीस लाख तरी झाले. गर्दीच्या वेळी बारा डब्यांची लोकल पाचेक हजार माणसं ओढते, म्हणजे चारशे गाड्या. शिवाय गुरंढोरं. आणि हे सगळे सिनायच्या वाळवंटात चाळीस वर्षं! आजींना सांगितलं तर म्हणाल्या, "हिशेब मांडायला बोलावलं नाही तुला, जेव."

पण डोक्यातून जात नाही. यात घडलेलं किती?

जुनी_खापरं
आकडा सोडा, तो टिकत नाही. ही सुटका सहसा इ.स.पू. तेराव्या शतकात धरतात. सिनायमध्ये त्या काळच्या एवढ्या मोठ्या तळाची खूण नाही. वाळवंटातल्या ज्या कादेश-बर्ण्याला मुक्काम सांगितलाय, तिथल्या टेकाडावरची वस्ती बरीच नंतरची. पुढे कनान देशातली (आजचं इस्राएल-पॅलेस्टाईन) शहरं, जी त्यांनी जिंकली असं बायबल सांगतं. पहिलं यरीहो. पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केन्यन यांनी 1952 ते 1958 तिथं खणलं, तर तटबंदीचं गाव इ.स.पू. 1550 च्या सुमारासच पडलेलं. आय शहर तर हजारावर वर्षं ओसाड. नाही म्हणायला हासोरमध्ये इ.स.पू. तेराव्या शतकातली जळिताची राख आहे, ती खरी.

अजून एक गंमत. त्या काळी कनानवरही फारोचाच अंमल होता. म्हणजे पळून पळून त्याच पोलीस ठाण्याच्या हद्दीत.

परळचा_पोस्टमन
झालं तर मग! पुराणातली वांगी. धागा बंद करा.

जुनी_खापरं
थांबा हो, अर्धंच सांगितलंय.

मर्नेप्ताह फारोचा शिलालेख, इ.स.पू. 1208 च्या आसपासचा, उत्खनन करणाऱ्या फ्लिंडर्स पेट्रींना 1896 मध्ये सापडला. त्यात कनानमधल्या विजयांच्या यादीत "इस्राएल" आहे. मजा म्हणजे शेजारच्या शहरांच्या नावांपुढे प्रदेशाची खूण काढलीय आणि इस्राएलपुढे माणसांची: एक पुरुष, एक बाई. म्हणजे शहर किंवा राज्य नव्हे, लोकांचा जथा. फारो म्हणतो की त्यांचं बीज उरलं नाही. तेवढं सोडून बाकी ठीक.

त्याच सुमारास कनानच्या डोंगराळ भागात अडीचशेच्या आसपास नव्या वाड्या उगवतात. भांडी कनानी वळणाची, पण ज्यूंना वर्ज्य असलेल्या डुकराची हाडं जवळजवळ नाहीतच. बहुतेक इस्राएली तिथलेच असावेत, बाहेरून आलेले थोडे.

ते थोडे मिसरहून आले असणं अजिबात अशक्य नाही. मिसरच्या सरहद्दीवरच्या एका अधिकाऱ्याचं पत्र आहे: कनानशेजारच्या अदोमच्या धनगरांना गुरं जगवण्यासाठी मिसरमधल्या पिथोमच्या तळ्यांकडे सोडलं. दुसऱ्या एका पत्रात पळालेल्या दोन गुलामांचा माग वाळवंटात काढलाय. दोघांसाठी एवढा पत्रव्यवहार! वीस लाख गेले असते तर? अर्थात नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या चिखलात पपायरस कुजतो, त्यामुळे कागद नाही एवढ्यावर मी निकाल देणार नाही.

नावंही पाहा. सुटकेचा पुढारी मोशे, त्याच्या नावातला "मोसे" थुटमोस या फारोच्या नावातही आहे. फीनहास आणि हफनी या बायबलातल्या याजकांची नावंसुद्धा मिसरी, आणि तिघेही लेवी या याजकांच्या वंशातले. एखादी लेव्यांसारखी टोळी तिथून आली आणि तिची आठवण पुढे सगळ्यांची झाली, असं मला वाटतं.

गिरगाव_चाफा
मूळ हिब्रूत हजारासाठी "एलेफ" शब्द आहे. त्याचा अर्थ हजार, तसाच घराणं किंवा तुकडी. बायबलातल्या शास्ते 6 मध्ये गिदोन नावाचा पुढारी आपल्या कुळाला तोच शब्द वापरतो. सहाशे घराणी धरली की हिशेब आवाक्यात येतो.

जुनी_खापरं
चांगली पळवाट, पण बायबलातल्याच गणना 1:46 मध्ये 6,03,550 असा पैन्-पैचा आकडा आहे. तिथं लिहिणाऱ्याला हजारच म्हणायचंय. बखरीतलं सैन्य मोजायला आपण कधी बसतो का?

चिंचपोकळी_फास्ट
हे सगळं काल आजींना वाचून दाखवलं. मला वाटलं, रागावतील. त्या खजूर निवडत होत्या. म्हणाल्या, "आमच्या पूर्वजांचं तारू अलिबागजवळ नवगावला फुटलं, सात जोडपी वाचली, बाकीच्यांना तिथंच पुरलं. पुढे तेल गाळलं, शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. त्या सात जोडप्यांची पावती आहे कुठं?"

मी शोधलं. 2016 च्या एका जनुकीय अभ्यासात बेने इस्राएलांमध्ये इथल्या लोकांबरोबर पश्चिम आशियातल्या ज्यूंचाही अंश सापडला. मिश्रणाचा काळ मात्र परंपरा सांगते त्यापेक्षा बराच अलीकडचा निघाला. म्हणजे येणं खरं, तारीख हललेली.

आजींना सांगितलं. "मग सातच होती की आठ?" मी विचारलं.

"मला काय माहीत, मी पेणची," म्हणाल्या आणि खजुराच्या बियांची वाटी माझ्यापुढे सरकवली. "हे मोज."

परळचा_पोस्टमन
बरं, नका बंद करू धागा.