मदत हवी आहे : आईच्या पेट स्कॅनबद्दल

मंडळी, इथे कोणी न्यूरोवाले किंवा बायोकेमिस्ट्रीवाले असतील तर जरा सांगा ना. आईचं विसरणं वाढलं म्हणून डॉक्टरांनी एफडीजी पेट स्कॅन (मेंदूचा कुठला भाग किती ग्लुकोज उचलतो ते दाखवणारा) करायला लावला, त्यात दोन्ही बाजूंच्या टेम्पोरल-पराएटल भागात (कानाजवळचा आणि त्याच्या वर-मागचा) ग्लुकोज कमी उचललं जातंय असं आलंय, अल्झायमरचा पॅटर्न म्हणे. मेंदू वजनाला शरीराच्या २ टक्के पण एनर्जी खातो २० टक्के, त्यातली बरीचशी न्यूरॉनच्या (मेंदूतल्या संदेश नेणाऱ्या पेशींच्या) सोडियम-पोटॅशियम पंपावरच, म्हणजे सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ढकलण्यावरच जाते, इतपत कळलं. अडलंय ते असं की पेशी मेल्यात, सायनॅप्स (पेशींमधले जोड) तुटलेत म्हणून ग्लुकोज लागतच नाहीये, की जिवंत पेशींनाच ते वापरता येत नाहीये? दुसरं असेल तर किटोनने (शरीर चरबीपासून बनवतं ते पर्यायी इंधन) काही फरक पडतो का? कारण खोबरेलाने किटोन वाढतात म्हणे, म्हणून मामा रोज दोन चमचे पाजा म्हणून मागे लागलेत (व्हॉट्सॲप विद्यापीठ, दुसरं काय) आणि आईला डायबेटीस, गोळ्या चालू, त्यामुळे किटो डाएट (भात-पोळी-साखर जवळपास बंद) वगैरे परस्पर करायची माझी तरी हिंमत नाही. ते अ‍ॅस्ट्रोसाइट (मेंदूतल्या मदतनीस पेशी) न्यूरॉनला लॅक्टेट (ग्लुकोजपासून बनणारं इंधन) पुरवतात ती भानगडही कोणी सोप्या मराठीत सांगितली तर बरं होईल. आणि पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना नेमकं काय विचारू?