पावसात परसवात कुत्रा पुरला, खड्डा कमी पडला. आता उकरू का?

परसवातली, डिचोली

परवा तिन्हीसांजेला आमचा बोंडू गेला. तेरा वर्षांचा. काजूच्या दिवसांत बागायतीत सापडलेलं पिल्लू, रंग काजूच्या पिकल्या बोंडूसारखा, म्हणून ते नाव. मूत्रपिंडं गेली होती.

पाऊस कोसळत होता. नवऱ्याने आणि शेजारच्या मुलाने पिकास मारायला घेतला, तर गुडघाभर खाली चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा थर. तेवढ्यात खड्ड्यात पाणी. घमेल्याने उपसलं, परत भरलं. काळोख पडत आला तेव्हा सासूबाईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळला, वर पडवीला बांधतो ते निळं प्लास्टिक लपेटलं आणि ठेवला. अंगावर माती दीड फूटच असेल. विहीर तिथून पंचवीस पावलांवर. रात्री दोनदा बॅटरी घेऊन बघून आले, भटक्या कुत्र्यांनी उकरलं तर?

उकरून दुसरीकडे हलवावा का? खरं सांगते, तो खड्डा परत उघडायची माझी हिंमत नाही, पण विहिरीचं पाणी सगळं घर पितं. सासूबाई म्हणतात मीठ घालायचं राहिलं. त्याच आता विचारतायत सुतक असतं का, आणि विचारून स्वतःच रडतात.

आणखी एक. डॉक्टर आठ दिवस आधी म्हणाले होते, इंजेक्शन देऊन सोडवा. मी नको म्हटलं. शेवटचे दोन दिवस त्याने फार काढले. ते काही डोक्यातून जात नाही.

विहिरी खणणारा, पेडणे

बाय, उकरू नको. आता उघडलंस तर घाण जास्त पसरेल, आणि दुसरा खड्डा काय कोरडा मिळणार आहे? ह्या दिवसांत आमच्याकडे विहिरीचं पाणी हाताला लागतं, खाली जाशील तिथे पाणीच.

खाली जाता येत नाही तर वर चढ. अंगावर तीन फूट माती पाहिजे, म्हणजे आणखी दीड-दोन फूट घाल, पायाने चेपून, उतार देऊन. कुठे घर बांधतायत तिथे चिऱ्याचे तुकडे मिळतात, ते वर बसव, कुत्री उकरत नाहीत. वरच्या अंगाला चर मार म्हणजे वाहतं पाणी बाजूने जाईल. महिन्याने माती खचेल, परत भर घाल, घाबरू नको. प्लास्टिक नसतं तर बरं होतं, त्यात विरायला वेळ लागतो. पण त्यासाठी उघडायचं नाही.

विहीर. शंभर फूट लांब असावं म्हणतात, तुझं साठेक फूट भरेल. जांभा म्हणजे चाळणी, पाणी झरझर झिरपतं. खड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला आहे की खालच्या? वरच्या असेल तर जास्त जप. पाऊस संपेपर्यंत पिण्याचं पाणी उकळून घ्या आणि विहिरीत ब्लीचिंग पावडर घाला, हजार लिटरला अडीच ग्रॅम. बादलीत कालवायची, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणीच विहिरीत सोडायचं. रात्री घाला, सकाळी वापरा.

मीठ राहिलं ते बरंच झालं. मिठाने विरणं लांबतं. माडाच्या मुळात मीठ घालतात ते वेगळं. चुन्याचंही तसंच, वास दबतो पण कुजणं मंदावतं.

दोन मांजरं, फोंडा

एक गोष्ट कोणी विचारली नाही म्हणून विचारते. मूत्रपिंडं म्हातारपणाने हळूहळू गेली, की एकाएकी? पावसाळ्यात कुत्र्यांना लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो, त्यातही मूत्रपिंडंच जातात, आणि तो मुतातून माणसाला लागतो. ओल्या मातीत ते जंतू कितीतरी दिवस टिकतात. डॉक्टरांना फोन करून नक्की करा. तो झोपायचा ती जागा ब्लीचने धुवा, हातमोजे घालून. पुढच्या महिन्याभरात घरात कुणाला ताप आला, डोळे लाल झाले, पोटऱ्या दुखल्या, तर डॉक्टरांना आधी कुत्र्याचं सांगा.

(बाकी वाचणाऱ्यांसाठी: कुत्रा मरण्याआधी एकाएकी पिसाळल्यासारखा वागला, लाळ गळत होती, तर पुरण्याआधी सरकारी पशुवैद्याला कळवायचं. 2021 मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं, म्हणून बेफिकीर राहू नये.)

इंजेक्शनचं. मी माझ्या मांजरीला दिलं होतं. मला उलटं वाटतं, घाई केली. तेव्हा तुम्ही दिलं असतं तर आज इथे तेच लिहीत बसला असता.

साखळीची आजी

सासूबाईंना सांग, जनावराचं सुतक नसतं. आमच्या दत्तवाडीला देवाच्या पायाशी चार कुत्रे आहेत, त्यांना कोणी सुतक विचारत नाही. आमचा गेला तेव्हा घरात मासळी शिजली नाही, कोणी ठरवलं नव्हतं. तुळशीकडे दिवा लावताना त्याच्या जागेकडेही एक लावा, सासूबाईंना बरं वाटेल. पोर असेल घरात तर त्याला "झोपला" असं सांगू नका हां. नातवाला तसं सांगितलं, तो महिनाभर झोपायला घाबरायचा.

परसवातली, डिचोली

सगळ्यांना उशिराने लिहितेय.

खड्डा विहिरीच्या खालच्या अंगाला आहे, हे तुम्ही विचारल्यावर पहिल्यांदा नीट पाहिलं. चिरे मिळाले, सोळा तुकडे. नवऱ्याने चर मारला, ब्लीचिंग आरोग्य केंद्रातून आणली. डॉक्टर म्हणाले रक्ताचे आकडे दोन वर्षं हळूहळू वाढत होते, लेप्टो नाही. तरी तो झोपायचा तो सोपा (ओसरी) धुतला. धुताना त्याचा वास गेला, हे मात्र कोणी आधी सांगितलं नव्हतं.

मुलगा चौथीत आहे. त्याला मेला असंच सांगितलं. त्याचा प्रश्न एकच, आत भिजत असेल ना? मग ते निळं प्लास्टिक आहे ते बरंच वाटलं मला, पेडण्याच्या भाऊंनी माफ करावं.

दोन महिने पथ्य म्हणून मी बोंडूला सुक्या बांगड्याचं डोकं दिलं नाही, पेजेचं ताट तो हुंगून निघून जायचा. इंजेक्शनपेक्षा ते जास्त लागतं, हे आत्ता लिहिताना कळलं.

पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की बोंडू गेटवर जायचा, त्याला रोजचा एक उंडो (गोल पाव) ठरलेला. पहिल्या दिवशी पदेराने विचारलं, "बोंडू खंय?" मी हाताने परसवाकडे दाखवलं. त्याने सायकल लावली, मागे जाऊन बघून आला आणि काही न बोलता उंडे मोजून दिले. आत येऊन पाहिलं तर एक जास्त होता. पैसे रोजचेच घेतले होते. तेव्हापासून रोज एक जास्त येतो आणि मी कमी करायला सांगितलेलं नाही.